एका सांध्याची कहाणी

गेले चार महिने चर्चशेजारच्या आमच्या घरातून सायंकाळच्या वेळी 'टक्' असा, वाळलेली शेंग फुटावी तसा आवाज येतो, आणि त्यापाठोपाठ कधी कधी जळक्या धातूचा वासही येतो. हा काय प्रकार आहे, असे गावातील कित्येकांनी मला विचारले. काहींनी मला न विचारता आमच्या स्वयंपाकघरात चौकशी केली, आणि तेथून त्यांना जी उत्तरे मिळाली ती ऐकून मी थक्क झालो. तेव्हा एकदा सारे यथासांग सांगून टाकावे असे मी ठरविले. मात्र ही कहाणी सांगताना माझी एक चूकही सांगावी लागणार आहे. किंबहुना त्या चुकीखेरीज ह्या कहाणीला आरंभच नाही.

आमचा हा खानापूर तालुक्याचा भाग भाताचा. पावसाळ्यात भातावर फवारणी करावयाची म्हणजे पाठीवरचा पंप आला. पूर्वी एका हाताने दांडा मारीत आणि दुसऱ्या हाताने नळी फिरवीत माणसे दिवसभर खाचरातून चालत. आता बहुतेकांकडे बॅटरीचे पंप आले आहेत. हाताचे कष्ट वाचले खरे, परंतु पाठीचे वाढले. १६ लिटर पाणी म्हणजे १६ किलो. वर पंपाचे वजन. आणि आत शिशाची जी १२ व्होल्टची बॅटरी असते, ती एकटीच अडीच किलोच्या जवळपास भरते. चिखलात पाय रुतत असताना हा भार वाहणे म्हणजे काय, हे ज्याने वाहिला त्यालाच ठाऊक. शिवाय ही बॅटरी फवारणीचा हंगाम संपला की वर्षभर माळ्यावर पडून राहते आणि पुढच्या पावसाळ्यात उतरवावी तो मेलेली निघते.

माझ्या शेजारच्या वाडीत साठी ओलांडलेले एक शेतकरी आहेत. सारा गाव त्यांना मामा म्हणतो, म्हणून मीही मामाच म्हणतो. त्यांच्या पंपाची बॅटरी अशीच गेली होती. ते ती हातात धरून माझ्याकडे आले, कारण फादरना विजेतले कळते अशी गावात माझी ख्याती आहे. ही ख्याती कशी झाली हे मला नीट आठवत नाही. चर्चच्या ध्वनिक्षेपकाची तुटलेली तार मी एकदा जोडली होती, त्यातूनच बहुधा. सेमिनरीत आम्ही पदार्थविज्ञान शिकलो ते तत्त्वज्ञानाच्या पायरीवरून डोकावण्यापुरते. तरीसुद्धा माणसाला आपल्याविषयीचे चांगले ऐकून घेण्याची सवय फार लवकर लागते.

मी मामांना म्हटले, "मामा, नवी शिशाची बॅटरी घेऊ नका. मी तुम्हाला हलकी बॅटरी बनवून देतो."

माझी कल्पना चुकीची नव्हती. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या मोडल्या की आत बोटाएवढे लिथियमचे सेल मिळतात. प्रत्येकाचा व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, वजन सुमारे ४६ ग्रॅम. ह्या जातीची बॅटरी १९९१ साली जपानमध्ये प्रथम बाजारात आली, आणि ती ज्यांच्या संशोधनावर उभी आहे त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो ह्या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लॅपटॉपची बॅटरी 'गेली' म्हणून आपण टाकतो तेव्हा तिच्यातले सगळेच सेल गेलेले नसतात. तपासून घेतले तर त्यांतले कित्येक अजून बऱ्यापैकी काम देतात. चार-चार सेलांचे तीन गट एकापुढे एक जोडले की पंपाला हवे तेवढे व्होल्ट मिळतात आणि वजन भरते साडेपाचशे ग्रॅम. अडीच किलोच्या जागी अर्धा किलो!

प्रश्न होता तो सेल एकमेकांस जोडण्याचा. मी माझ्याजवळचा सोल्डरिंग आयर्न तापविला आणि प्रत्येक सेलाच्या दोन्ही टोकांना पट्टीला डाख देत सुटलो. त्या वेळी गावातील एक वीस वर्षांचा मुलगा जवळ बसला होता. तो खानापुरात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. डाख नीट बसेना, म्हणून मी आयर्न दहा-दहा सेकंद टेकवून धरीत होतो. तो मुलगा एकदा काही बोलावयास गेला आणि गप्प बसला. मला वाटले, माझे कसब पाहून गप्प बसला.

मामांनी ती बॅटरी तीन आठवडे वापरली. भेटेल त्याला ते माझे गुण सांगत होते. चौथ्या आठवड्यात, एका सकाळी, ते खाचराच्या मधोमध असताना पंप अकस्मात तापू लागला. बरोबरच्या माणसाला ते म्हणाले, "पाठ भाजालीया रे." पट्टा काढेपर्यंत पंपाच्या तळातून धूर निघाला होता. त्यांनी पंप तसाच चिखलाच्या पाण्यात टाकला आणि बाजूला सरले. पाण्यातही तो काही वेळ फसफसत, धूर सोडीत राहिला. मामांच्या पाठीवर कमरेच्या वर तळहाताएवढा फोड आला होता. दोन सेकंद उशीर झाला असता तर काय झाले असते, ह्याचा विचार मी पुष्कळ रात्री केला आहे.

मी धावत त्यांच्या घरी गेलो. मामा पालथे पडून होते आणि मामी मलम लावीत होत्या. मला पाहताच ते उठू लागले. "फादर, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? माझंच काय तरी चुकलं आसंल. पाणी बिणी गेलं आसंल आत."

वाचकहो, त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मला इतके लागले नसते. ज्याची पाठ भाजली तो माझी समजूत घालीत होता!

ती जळकी बॅटरी मी उघडून पाहिली. सेलाविषयी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. टोकावरची लहानशी टोपी तेवढी धन. तिच्या भोवतालची कड, अंग आणि बूड हे सारे ऋण. दोहोंच्या मधे काय असते, तर एक पातळ चकती आणि प्लॅस्टिकचे वेष्टन. माझ्या आयर्नच्या उष्णतेने ते वेष्टन एका सेलावर आकसून मागे सरले होते. पंपाच्या थरथरीने पट्टी हळूहळू वाकली आणि उघड्या कडेला टेकली. चार सेलांची सगळी शक्ती त्या एका ठिकाणी मोकळी झाली. मी संरक्षणाची इलेक्ट्रॉनिक पट्टिका बसविली होती, परंतु तिचा उपयोग झाला नाही. ती बाहेर जाणाऱ्या तारांवर लक्ष ठेवते. सेलाच्या अंगावरच झालेला शॉर्ट तिला दिसतही नाही.

त्या संध्याकाळी मी दुकानातल्या मुलाला बोलावून घेतले. तो बराच वेळ खाली मान घालून उभा राहिला. शेवटी म्हणाला, "फादर, सेलला सोल्डर करत नाहीत. आमच्या दुकानात पहिल्या दिवशी हेच सांगितलं मला."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"तुम्हाला कसं सांगायचं?"

ह्या उत्तरापुढे मी निरुत्तर झालो. माझ्या प्रवचनात एखादा शब्द चुकला तर पुढच्या बाकावरच्या आजीबाई मला चर्चच्या दारात गाठून दुरुस्त करतात. पण हा मुलगा, ज्याला ते काम माझ्याहून अधिक येत होते, माझ्या पांढऱ्या झग्याकडे पाहून गप्प बसला, आणि त्याच्या गप्प बसण्याची किंमत मामांच्या पाठीने दिली. दोष त्याचा नव्हे. त्याने बोलावे असे मी त्याला कधी वाटूच दिले नव्हते.

"तर मग सेल जोडतात कसे?" मी विचारले. विद्यार्थी म्हणून त्याला विचारलेला तो माझा पहिला प्रश्न.

त्याने जे सांगितले, आणि पुढे पुस्तके चाळून मी जे समजून घेतले, ते असे. सेलाच्या आत धातूच्या पातळ पत्र्यांची गुंडाळी असते आणि पत्र्यांच्या मधे केसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा. ह्या पडद्यांत जे पॉलिएथिलीन वापरतात ते सुमारे १३० अंशांवर वितळते. आणि डाख देताना आयर्नचे टोक ३५० अंशांच्या आसपास असते. ६० वॅटचा आयर्न पाच सेकंद टेकविला तर ३०० ज्यूलपर्यंत उष्णता सेलात उतरू शकते, आणि त्या पाच सेकंदांत तिला आतवर झिरपण्यास भरपूर सवड मिळते. स्पॉट वेल्डिंगमध्ये तीस-चाळीस ज्यूलच पुरतात. चार किलोची घागर एक मीटर उचलण्यास लागते तेवढीच ही ऊर्जा. परंतु ती काही सहस्रांश सेकंदांतच, टाचणीच्या डोक्याएवढ्या जागी ओतली जाते. तिथला धातू वितळतो, मिसळतो आणि थिजतोही. आतल्या पडद्याला बातमी लागेपर्यंत सारे आटोपलेले असते. मला हे फार नवलाचे वाटले. मी सेल बिघडविले ते आच कडक होती म्हणून तितकेसे नव्हे, जितके ती रेंगाळली म्हणून.

विजेचा प्रवाह धातूतून जाताना जेथे अडथळा अधिक तेथे उष्णता अधिक निर्माण होते, आणि प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट होते, हे ज्यूल ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास दाखवून दिले. ह्याच तत्त्वावर धातू जोडण्याचे पेटंट एलिहू टॉमसन ह्याने अमेरिकेत १८८६ साली घेतले. पट्टी आणि सेल जेथे एकमेकांस टेकतात तेथेच अडथळा सर्वांत जास्त, म्हणून उष्णताही नेमकी तेथेच उठते. मात्र त्यासाठी प्रवाह हवा हजार अँपिअरच्या घरातला. आपला छताचा पंखा अर्धा अँपिअरही घेत नाही, ह्यावरून कल्पना यावी. एवढा प्रवाह घरातल्या प्लगमधून कोण देणार? म्हणून वीज आधी थोडी थोडी साठवावी आणि मग एका दमात सोडावी. हे साठवणीचे काम कंडेन्सर करतो.

कंडेन्सर हा शब्द पंख्यामुळे आपल्या घराघरांत पोहोचला आहे. त्याची आदिमाता म्हणजे 'लेडन बरणी', आणि तिचा शोध लावणाऱ्यांपैकी पहिला, फोन क्लाइस्ट, हा जर्मनीतला एक प्रॉटेस्टंट धर्माधिकारीच होता. १७४५ साली त्याला ह्या बरणीचा असा धक्का बसला की तो हादरून गेला. पुढे फ्रान्समधील आबे नोले ह्या आमच्याच पंथातील गृहस्थांनी १७४६ साली राजा पंधराव्या लुईसमोर १८० शिपायांना हात धरून उभे केले आणि बरणीची वीज त्यांच्यातून सोडली. सारे एकदम उडाले. त्यावरही समाधान न होऊन त्यांनी पॅरिसच्या कार्थुसियन मठातील साधूंवर तोच प्रयोग केला. मौनव्रती साधूंनी त्या क्षणी मौन कितपत पाळले हे मला कोठे वाचावयास मिळाले नाही. धर्मगुरूंचा आणि विजेच्या ह्या खेळाचा संबंध असा जुना आहे, ह्यात मी थोडे समाधान मानून घेतले.

असे यंत्र बाजारात तयार मिळते. मग घरी का बनवावे? त्या मुलाला शिकावयाचे होते, हे एक कारण. दुसरे कारण असे की मलाही शिकावयाचे होते, आणि ह्या खेपेस दुसऱ्याच्या हाताखाली.

बंगळूरच्या एस. पी. रोडवरून त्याने ३३,००० मायक्रोफॅरडचे, २५ व्होल्टचे बारा कंडेन्सर आणविले. सर्व मिळून सुमारे ०.४ फॅरड. पंख्याचा कंडेन्सर साधारण अडीच मायक्रोफॅरडचा असतो. म्हणजे धारकतेच्या हिशेबाने आमच्या टेबलावर दीड लाखांहून अधिक पंख्यांचे कंडेन्सर मांडलेले होते! तांब्याच्या दोन जाड पट्ट्यांवर ते ओळीने बसविले. साठलेली ऊर्जा व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० व्होल्टला २० ज्यूल, तर १४ व्होल्टला ३९. म्हणून एक व्होल्ट इकडे-तिकडे झाला तरी सांध्यात फरक पडतो.

कंडेन्सर भरताना आम्ही मधे ट्रकच्या दिव्याचा २४ व्होल्टचा बल्ब जोडला. ही युक्ती त्या मुलाची. वीज भरू लागली की बल्ब तांबूस उजळतो, भरत आली की मंदावतो, पुरी भरली की विझतो. मोजमापाचे यंत्र न पाहताही कळते. वीज सोडण्यासाठी आम्ही पहिल्याने मोटारीच्या हॉर्नचे बटण लावले. दाबले, 'टक्' झाले, आणि बटण वर येईना. आतील दोन्ही टोके एकमेकांस घट्ट जडली होती. आमच्या यंत्राने जोडलेली पहिली वस्तू म्हणजे त्याचे स्वतःचे बटण! आम्ही दोघे इतके हसलो की बाहेर घंटेचा दोर धरून उभा असलेला माणूस डोकावून गेला. मग बटणाऐवजी थायरिस्टर आला. हा बोल्टाच्या आकाराचा एक विजेचा दरवाजा. लहानशा इशाऱ्याने तो उघडतो, आणि कंडेन्सर रिकामे झाले की आपोआप मिटतो. इशाऱ्याचे बटण पायाखाली ठेवले, कारण दोन्ही हात तांब्याच्या अणकुचीदार दांड्या धरण्यात गुंतलेले असतात.

एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. एकदा काम आटोपून मी दिवा मालवला आणि भरलेले कंडेन्सर तसेच ठेवून पेचकस उचलावयास गेलो. तो हातातून सुटून दोन पट्ट्यांवर आडवा पडला. बंदुकीसारखा आवाज झाला. पेचकसाच्या दांड्याला खाच पडली आणि वितळलेल्या धातूचा एक कण माझ्या चष्म्यावर येऊन बसला. १४ व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरे, परंतु बोटात अंगठी किंवा गळ्यात साखळी असती तर ती तेथेच लालबुंद झाली असती. त्या दिवसापासून पट्ट्यांवर प्लायवूडचे झाकण आहे, काम संपताच कंडेन्सर रिकामे करणारा रोधक कायमचा जोडलेला आहे, आणि मिस्सासेवक मुलांना त्या खोलीत येण्यास बंदी आहे. कोणी तरुण वाचक असेच यंत्र मायक्रोवेव्ह ओव्हन मोडून बनवू पाहत असेल तर त्यास माझी कळकळीची विनंती आहे की त्या वाटेस जाऊ नये. त्या ओव्हनमधील कंडेन्सर हजारो व्होल्टचा असतो, आणि प्लग काढल्यावरही तो माणूस मारू शकतो.

यंत्र झाले, तरी सांधे जमेनात. दांडी हलकी टेकविली तर ठिणगी उडून पट्टीला भोक पडे. फार दाबली तर मधला अडथळाच कमी होऊन सांधा कच्चा राही. त्यातच पट्ट्यांनी दगा दिला. निकेलच्या म्हणून घेतलेल्या पट्ट्या खरवडून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवल्या, तो सकाळी खरवडलेल्या जागी तांबडा गंज. आत पोलाद, वर निकेलचा मुलामा! खरे निकेल गंजत नाही, आणि पोलादापेक्षा वीजही चांगली वाहून नेते. दुसऱ्या पट्ट्या मागविल्या. त्यांच्या मधोमध त्या मुलाने एक चीर पाडली. दोन दांड्या चिरेच्या दोन बाजूंस टेकवावयाच्या, म्हणजे वीज पट्टीवरूनच पलीकडे न पळता सेलाच्या अंगातून जाते. इतकी साधी गोष्ट, परंतु सांधा धरला तो ह्या चिरेने.

सांध्याची परीक्षा निर्दय असते. पक्कडीने पट्टी ओढून काढावयाची. ती सहज सुटली तर सांधा खोटा. पट्टी फाटून तिचे तुकडे सेलावर चिकटलेले राहिले तर खरा. हे आम्ही मेलेल्या, पूर्ण रिकाम्या सेलांवर करीत होतो. पहिल्या आठवड्यात त्या मुलाने माझे सांधे ओढले ते एकामागून एक सुटले. तो काही न बोलता माझ्याकडे पाही. मी म्हणे, "बोल."

"कच्चा आहे, फादर."

दुसऱ्या आठवड्यात तो मी विचारण्याआधीच म्हणू लागला. तिसऱ्या आठवड्यात एकदा वैतागून म्हणाला, "फादर, तुम्ही घाई करता. दांडी टेकवल्यावर एक श्वास घ्या, मग पाय दाबा." ह्या वाक्याची मी किती वाट पाहिली होती हे त्याला ठाऊक नाही. मी श्वास घेतला, पाय दाबला, आणि पक्कडीने ओढल्यावर पट्टी फाटली.

मामांची नवी बॅटरी आम्ही अशी बांधली. प्रत्येक सेल आठवडाभर भरून ठेवून पाहिला. ज्याचे व्होल्ट उतरले तो बाद केला. प्रत्येक धन टोकावर जाड कागदाची जास्तीची चकती चिकटविली. संरक्षक पट्टिका बसविली, आणि चार्जरही बदलला. शिशाच्या बॅटरीचा चार्जर ह्या सेलांना चालत नाही, त्यांस १२.६ व्होल्टवर थांबणाराच लागतो. एकूण २४ ठिकाणी जोड, प्रत्येक ठिकाणी दोन वेळा वीज सोडली. त्यांतले १५ त्या मुलाचे आणि ९ माझे. माझ्या नवांपैकी दोन त्याने पुन्हा करावयास लावले.

बॅटरी तयार होऊनही आठ दिवस माझ्या टेबलावर पडून होती. मामांकडे नेण्यास माझे पाय उचलत नव्हते. शेवटी तो मुलगाच ती घेऊन निघाला आणि मी त्याच्यामागून गेलो.

मामांनी बॅटरी हातात घेतली, वजन पाहिले, पंपात बसविलेली पाहिली. पाठीचा फोड भरून आला होता, परंतु तेथे डाग राहिला आहे. ते बराच वेळ पंपाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "फादर, राग मानू नका. आधी तुम्ही पाठीला लावून एक फेरी मारा."

मामी आतून, "अवो, काय बोलता फादरास्नी!" म्हणून धावत आल्या. मी त्यांस थांबविले. टाकी काठोकाठ भरावयास सांगितली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि पंप पाठीवर चढविला. चिखलात पहिल्याच पावलाला माझा तोल गेला. बांधावर उभी असलेली पोरे हसली. सोळा किलो पाणी म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजले. खाचराच्या चारी कडांनी फिरून मी टाकी रिकामी करीत परत आलो तेव्हा धापा टाकीत होतो.

मामांनी माझ्या पाठीवरचा पंप उतरवून घेतला, उलटा केला, आणि बॅटरीच्या झाकणावर तळहात ठेवला. मनातल्या मनात मोजीत असावेत इतका वेळ ठेवला.

"गार हाय," ते म्हणाले, आणि टाकी पुन्हा भरण्यासाठी त्यांनी नातवाला हाक मारली.